आतून उत्तर येतं

१

आमच्याकडे घानात कुणाच्याही दारात उभं राहिलं की आधी 'आगो' म्हणायचं. आतून 'आमे' आलं की मग पाऊल टाकायचं. नाही आलं तर उन्हात उभं राहायचं, नाहीतर आल्या पावली परतायचं. दार सताड उघडं असो, आतलं माणूस डोळ्यांसमोर टोमॅटो चिरत बसलेलं असो, तरीही. 'आगो' न म्हणता आत शिरते ती फक्त कोंबडी, असं माझी नणंद अराबा म्हणते.

मी आयुष्यात 'आगो' हजारो वेळा म्हटलं असेल. हक्कानं 'आमे' म्हणायची पाळी मात्र आली नव्हती. लहानपणी मी तार्क्वाला मावशीकडे राहिले. सात वर्षांची असताना एकदा दारात कुणीतरी आलं आणि मी अंगणातूनच, हातात झाडू तसाच ठेवून, 'आमे' म्हणून मोकळी झाले. मावशी बाहेर आली. पाहुण्याला बसवलं, पाणी दिलं, तो जाईपर्यंत गोड बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एकुआ, हे घर तुझं आहे का?" मारलं नाही. नुसतं विचारलं. मारलं असतं तर मी विसरले असते.

पुढे शिक्षिका व्हायला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले, आणि लग्नानंतर चार वर्षं अराबाच्या घरातली मागची खोली. तिथं उत्तर देणार ती अराबाच. म्हणून सेकोंदीच्या टेकडीवरचं ते जुनं घर आमचं झालं, त्या दिवशी क्वामेना, माझा नवरा, छताच्या फळ्या ठोकून बघत हिंडत होता, आणि मी अगदी आतल्या खोलीत उभी राहून हळूच 'आमे' म्हणून बघितलं. कुणी विचारलं नव्हतं. फक्त कसं वाटतं ते बघायचं होतं. बरं वाटलं. थोडी लाज वाटली. मग नाकात धूळ गेली आणि मी शिंकत बाहेर आले.

घर लहान होतं. पुढे ओटा, मग हॉल, डावीकडे स्वयंपाकघर आणि त्याचं मागचं दार. सरळ गेलं की एक छोटी खोली आणि तिच्या पलीकडे ती आतली. फरशी उखडलेली, छत ओलीनं डागळलेलं, खिडक्यांच्या काचेच्या पट्ट्या निम्म्या गायब. ईस्टरच्या आत ते राहण्याजोगं करायचं होतं, कारण अराबाची लेक बाळंतपणाला येणार होती आणि आमची खोली तिला लागणार होती. त्यामुळे दिवस असा झाला: पहाटे उठून पाणी भरायचं, सव्वासातला शाळेत चौथीच्या वर्गापुढे उभं राहायचं, तीनला सुटून बाजार गाठायचा, तिथून ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये कोंबून घ्यायचं, रंगाचे डबे नाहीतर नळाचं सामान मांडीवर घेऊन टेकडी चढायची, अंधाराआधी अराबाकडे परत. क्वामेना बंदरावर कागदपत्रांचं काम करतो. त्याला जेवणाच्या सुट्टीत जमेल तसा तो घराकडे चक्कर मारायचा. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो ते बहुतेक खिळ्यांबद्दल.

२

फरशी बसवायला मास्टर एसुमान होते. साठीचे, काटकुळे, गुडघ्यांना जुन्या चपलांचे तळ बांधून काम करणारे. सोमवारी त्यांनी काम धरलं, पण त्या आठवड्यात शाळेतून मला सुटकाच मिळाली नाही, आणि मी शनिवारी पहिल्यांदा बघायला गेले. मी हॉलमध्ये उभी राहिले तसे ते मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आज बाहेर बसणार? बरं झालं. मला वाटत होतं माझ्या कामावर रागावलात."

"मी कशाला रागावू?"

"नाही, रोज त्या खोलीत दार लोटून बसता. दोन शब्द नाहीत. माझी बायको चार दिवस गप्प बसली तर मी पाद्री बोलावतो."

मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा. "मास्टर, मी या आठवड्यात आजच येतेय."

त्यांनी थापी खाली ठेवली. "सकाळी मी येतो, आगो म्हणतो. तुम्ही आतून आमे म्हणता. मी कामाला लागतो. मला वाटलं मुलांच्या वह्या तपासत असाल."

"कुलूप कोण उघडतं?"

"मीच. किल्ली तुम्ही मीटरच्या पेटीत ठेवता ना."

हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. आम्ही दोघांनीही दाराकडे बघितलं. बाहेर कडीला कुलूप लोंबत होतं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. मागच्या दाराला आतून अडसर, आणि अडसरापुढे सिमेंटच्या पोत्यांची छातीएवढी थप्पी.

"मी सव्वासातला शाळेत असते," मी म्हणाले. माझा आवाज उगाचच मोठा झाला. "पंचेचाळीस पोरं साक्षीला आहेत."

"मग तुमची बहीण असेल."

"मला बहीण नाही."

मास्टरांनी पाण्यात बुडवून थापी पुसली, बराच वेळ पुसली. "मॅडम, मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात काम करतोय. विचारल्याशिवाय कधी आत गेलो नाही. मला उत्तर मिळालं, मी आत आलो. ते कुणी दिलं, हे घरच्यांनी बघायचं." आणि ते पुन्हा गुडघ्यांवर बसून टकटक टाइल ठोकायला लागले. दुपारी त्यांनी डबा मात्र ओट्यावर, उन्हात बसून खाल्ला.

मी आतल्या खोलीत गेले. दार ढकलताना हात पुढे आणि बाकी सगळी मी मागे. काही नव्हतं. नवीन राखी फरशी, चुन्याच्या भिंती, उन्हाचे पट्टे. हरमॅटनचे दिवस होते. त्या वाऱ्यानं सगळ्या गावावर पिठासारखी धूळ बसली होती, हॉलमध्ये पाऊल टाकलं की ठसा उमटायचा. या खोलीची फरशी स्वच्छ होती. कोपऱ्यांतसुद्धा. मास्टरांनी पुसली असणार, असं मी ठरवलं. विचारलं नाही.

३

"मास्टर दुपारी काय पितात ते विचारलंस का?" क्वामेना म्हणाला.

"सकाळची गोष्ट आहे."

"मग सकाळी काय पितात ते विचार." मग माझा चेहरा बघून त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "एकुआ, रिकामं घर आहे. भिंती उघड्या आहेत. बोललं की घुमतं."

हे मलाही सुचलं होतं. पण घुमून आपलाच शब्द परत येतो, त्याचं उत्तर येत नाही. हे मी बोलले नाही. मी असं काही बोलायला लागले की क्वामेना एका विशिष्ट तऱ्हेनं शांत होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला झोप येईनाशी झाली होती. वसतिगृहातले बंद नळ वाहताना ऐकू यायचे. मला महिनाभर घरी पाठवलं होतं. लग्नाआधी हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं ते मनावर घेतलं नाही. पण तो विसरलाही नाही.

रविवारी चर्चमधून आम्ही परस्पर घराकडे गेलो, रंगाचे कपडे पिशवीत घेऊन. "बघू तुझी बाई," असं म्हणून तो टाकीचा नळ सोडायला घराच्या मागे गेला. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि ओट्यावर थांबले. आत जायचं नव्हतं म्हणून नाही. सवय. तोंडातून आपसूक आलं, "आगो."

"आमे."

बाईचा आवाज. मोठा नाही, गूढ नाही, लांबूनही नाही. हातात काम असलेली, मान वर न करता उत्तर देणारी बाई. ये की, कशाला उभी आहेस, अशा सुरात.

माझ्या हातातली पिशवी पडली. तेवढ्यात क्वामेना घराच्या कडेनं पुढे आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चर्चचे बूट हातात.

"तू केलंस ना हे?" मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. एक क्षण, फार तर दोन. मग दात काढून हसला. "मग कुणी? कसा काढला आवाज?"

"परत काढ."

"एकदाच जमतो. पुन्हा काढला तर माझ्या मित्रांना कळवशील." आणि तो माझ्यापुढून आत शिरला.

मीही हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर आम्ही हॉल रंगवला, त्यानं माझ्या नाकाला पिवळा ठिपका लावला, वाटेत तळलेली केळी खाल्ली. मी सुखात होते. फक्त रंग लावताना हात एका लयीत चालतो आणि डोकं मोकळं राहतं. मागचं दार आतून बंद होतं. तो घराच्या बाहेरून आला होता. आवाज घराच्या आतून आला होता. मी ब्रश डब्यात बुडवत होते, काढत होते, आणि प्रत्येक वेळी हे तीनच वाक्यांचं गणित पुन्हा मांडत होते, जणू चौथीच्या मुलांना शिकवतेय.

४

सहा मार्चच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम म्हणून शाळा मुलांना मैदानावर नेते. त्या दिवशी माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला आणि मी साडेअकरालाच मोकळी झाले. शाळेपासून घर चढाच्या वाटेनं दहा मिनिटं. मास्टरांचं काम संपून तेरा दिवस झाले होते, पोतीही संपली होती. मला नुसते ब्रश धुवायचे होते.

मी ठरवून 'आगो' म्हटलं नाही. आपल्याच घरात काय विचारायचं? ओठ दाबून धरले आणि आत गेले. चोरासारखं वाटलं, तरी गेले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी तिकडे न बघता स्वयंपाकघर गाठलं, मागचं दार उघडून पायरीवर बसले आणि बादलीत ब्रश बुडवले. ऊन होतं. मैदानावरचा ढोल इथवर ऐकू येत होता. पंधरा मिनिटं गेली असतील. मला बरं वाटायला लागलं होतं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, याचा मी विचार करत होते.

पुढच्या दारातून क्वामेनाचा आवाज आला. "आगो."

आणि माझ्या लक्षात आलं की हीच ती वेळ. माझं घर, दारात माझं माणूस, आणि आत मी. मी मान वळवली, तोंड उघडलं.

"आमे," आतल्या खोलीतून उत्तर गेलं.

तो आत आला. स्वयंपाकघराच्या दारातून मला हॉलची आणि पुढच्या छोट्या खोलीची एक चीर दिसत होती. त्यात त्याची पाठ आली. त्यानं रंगाचा रिकामा डबा पालथा केला, आतल्या खोलीच्या दारासमोर ठेवला आणि त्यावर बसला. सवयीनं बसला. ही काही पहिली वेळ नव्हती.

"फरशी वाळली का गं?" त्यानं बंद दाराला विचारलं.

आतून काही आलं नाही. निदान मला ऐकू आलं नाही.

"बरं बरं, नाही येत. इथंच बसतो." त्यानं केंकेचं, आंबवलेल्या मक्याच्या गोळ्याचं, पान सोडलं. आंबूस वाफेचा वास माझ्यापर्यंत आला. "मासा चांगला मिळाला आज. तुझा शेपटीकडचा ठेवतोय."

मला शेपटी आवडत नाही. मला डोकं लागतं. चार वर्षं तो मला न विचारता डोकं देतो.

तो खात खात बोलत होता. मुकादमाची नक्कल केली. सुताराला शिव्या घातल्या. मग म्हणाला, "ते तेमाचं नक्की झालं. ईस्टरनंतर मला तिकडच्या बंदरावर पाठवतायत. सहा महिने, कदाचित वर्ष. अराबाला बोललो नाही अजून." पानावर बोटं पुसल्याचा आवाज. "मला झोप नाही येत. तिथं घरी तुला सांगायचं म्हटलं की जीभच वळत नाही. तू अशी बघतेस. इथं कसं सांगता येतं, कोण जाणे."

"हं," आतून आलं.

एवढंच. शिवण घालता घालता माणूस देतं तसा हुंकार. त्यात इतकी माया होती की मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, हेवा वाटला. भीती त्याच्यानंतर आली.

माझ्यापासून तो डबा आठ पावलांवर होता. मी उठून जाऊ शकत होते. 'क्वामेना, मी इकडे आहे,' एवढं म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं असतं आणि ते दार आतून उघडलं असतं तर? मी ओला ब्रश पायरीवर ठेवला, आवाज न करता उठले, घराला वळसा घालून माझ्याच कुंपणावरून उतरले आणि उतारावरून पळत सुटले. शाळेच्या फाटकापाशी कळलं, एक चप्पल मागेच राहिली होती.

५

संध्याकाळी अराबाच्या स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण पडलं, आणि त्या आवाजानं मीच ओरडले.

"घ्या," अराबा म्हणाली. तिनं मिरच्या वाटायचं थांबवलंही नाही. "आमच्या टीचरला झाकण चावलं. क्वामेना, तुझ्या त्या महालात पाल शिंकली तरी फोन मलाच येणार आहे हं."

"नाही येणार," क्वामेना म्हणाला. "तिथं ती वेगळी असते."

"वेगळी म्हणजे? गप्प?"

"शांत."

"मग आजच ने तिला," अराबा म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मला तिचं घर एकदम सोडवेनासं झालं.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. "दुपारी घराकडे गेला होतास?"

"असं काय विचारतेस? होतीस की तू."

"मी काय करत होते?"

"एकुआ, थकलीयस तू."

"सांग ना. काय करत होते?"

तो पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होता. "मधल्या सुट्टीतलं नेहमीचंच. वह्या. दार लोटलेलं. म्हणालीस, फरशी ओली आहे, पाय नको टाकू."

"फरशी वाळून दोन आठवडे होत आले."

"तू म्हणालीस म्हणून मी थांबलो. मी काय मास्टर आहे?" मग त्यानं माझा हात धरला. त्याचा चेहरा मोकळा होता, चार वर्षांत पाहिला नव्हता इतका. "एक सांगू? तेमाचं ऐकून तू रडशील असं वाटलं होतं मला. आणि तू म्हणालीस, जा तू, मी राहीन इथं, मला एकटीला भीती नाही वाटत. माझ्या छातीवरचा दगड उतरला बघ."

बाहेर अराबाचा पाटा-वरवंटा चालू होता. मला वाटलं, आता बोलायला हवं. मी तिथं नव्हते, मी मागच्या पायरीवर होते, चप्पल बघ जाऊन. मग तो शांत होईल, त्याच्या त्या तऱ्हेनं. पाद्री येतील, नाहीतर डॉक्टर. तेमाची नोकरी जाईल, नाहीतर घर जाईल, नाहीतर मी महिनाभर तार्क्वाला मावशीकडे. आणि हे सगळं टळून त्यानं विश्वास ठेवलाच, तरी त्याला काय मिळणार होतं? आज दुपारी जिला सगळं सांगितलं ती मी नव्हते, एवढं.

"तू कधी आत डोकावला नाहीस?" मी विचारलं.

"ओल्या फरशीवर?"

"क्वामेना, त्या रविवारी तो आवाज तूच काढला होतास ना?"

त्यानं माझा हात सोडला नाही. "कुठला आवाज?" तो म्हणाला, आणि दिवा मालवायला उठला.

६

सामान हलवायचं ठरलं शनिवारी. ट्रक नऊला टेकडीवर येणार होता.

मी आदल्या दिवशीपर्यंत विचार करत होते आणि शेवटी माझं म्हणणं एका साध्या गोष्टीवर आलं. ती खोली एवढीशी आहे. त्या खोलीत मीच बसले तर तिथं दुसरं कुणी असायला जागा उरणार नाही. त्यानं 'आगो' म्हटलं की मी त्याच खोलीतून उत्तर देईन. एकदा त्यानं माझ्या उत्तरावर त्या घरात पाऊल टाकलं की घर माझं. हे शहाण्या माणसाचं बोलणं नव्हे, हे मला कळत होतं. पण मला सहा महिने तिथं एकटीनं राहायचं होतं, आणि शहाण्या माणसांकडे याच्यापेक्षा बरं काही नव्हतं.

"पुढे जाऊन झाडून घेते," असं सांगून मी सहाला निघाले. बरोबर अराबाची एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. ट्रोट्रोवाल्यानं खुर्चीचंही भाडं घेतलं आणि वर कुरकुरला. घरात शिरताना मी काही म्हटलं नाही. पुढचं दार नुसतं लोटून ठेवलं. आतल्या खोलीत गेले, खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली, दार बंद केलं आणि बसले.

काहीच नव्हतं. सूर्य वर आला तसे खिडकीच्या पट्ट्यांतून उजेडाचे तुकडे भिंतीवरून फरशीवर उतरले. टाकीत थेंब पडत होते. शेजारी कुणीतरी अंगण झाडत होतं. सुरुवातीला प्रत्येक आवाजाला माझ्या मानेवर काटा यायचा. मग तो यायचा थांबला. मी भिंतीला हात लावून बघितला. गार, कोरडी, साधी भिंत. मी पलंग कुठे ठेवायचा ते ठरवलं: खिडकीसमोरच्या भिंतीला, म्हणजे सकाळी डोळ्यांवर ऊन येणार नाही. कपाट दाराआड. हळूहळू मला वाटायला लागलं की मी उगाच इतके दिवस घालवले. खोली रिकामी होती आणि तिच्यात मी होते.

नऊला ट्रक वळणावर घरघरला. माणसांचे आवाज, फळी पडल्याचा आवाज. मग ओट्यावर पावलं, आणि क्वामेनाचा आवाज, दम लागलेला, आनंदी.

"आगो."

मी थांबले. श्वासभर. दुसरं कुणी बोललं नाही.

"आमे," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज खोलीतून हॉलमध्ये गेला, हॉलमधून बाहेर ओट्यावर गेला. माझ्याच घरात. मला हुंदका आला आणि हसूही आलं, मी तोंडावर हात धरला.

पावलं हॉलमधून आली. सावकाश आली, नव्या फरशीवर येतात तशी. छोट्या खोलीतून पुढे आली आणि या दारासमोर थांबली.

"आगो," दाराच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

बाई होती. नम्रपणे विचारत होती. मला वाटलं, अराबा आली मदतीला. नाही, हे मला नंतर वाटलं. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. दारात कुणी विचारलं की तोंड उत्तर देतं, ते डोक्याला विचारायला थांबत नाही.

"आमे," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी बाहेरून, अंगणाच्या टोकावरून, क्वामेना ट्रकवाल्याला सांगताना ऐकू आला, "मागे घे, अजून मागे, भिंत सांभाळ." तो ओट्यावरून परत ट्रककडे गेला होता. घरात अजून त्यानं पाऊलच टाकलं नव्हतं.

दाराची मूठ फिरली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण मी किती जोर लावून खाली बघत होते ते आठवतं. अनवाणी पावलं फरशीवरून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. ती काही बोलली नाही, घाईही केली नाही. परवानगी मिळालेलं माणूस जसं उभं राहतं तशी. मला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली आहे. घरात आलेलं माणूस उभं असताना आपण बसायचं नाही.

मी उठले आणि तिला खुर्ची दिली.

प्लॅस्टिक किंचित करकरलं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला दिसत होता तो फक्त एक हात, गुडघ्यावर ठेवलेला, बोटं सैल. इतका निवांत हात मी कुणाचा पाहिलेला नाही.

ओट्यावर क्वामेना आला. "आगो, अगं, दार धर जरा."

"आमे," खुर्चीतून उत्तर गेलं. मी ओठ दाबून धरले होते.

तो गादीची गुंडाळी खांद्यावर घेऊन आत आला, दारात अडकला, तिरका झाला आणि खोलीत आला. खुर्चीकडे बघून तो हसला. "कुठे टाकू?" त्यानं विचारलं.

समोरच्या भिंतीला, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तोवर त्यानं मान डोलावली होती, आणि तो ती खिडकीखाली उलगडत होता.